झाइस इकॉन नेटर ५१८/१६ : पहिला रोल धुऊन आला, दोन गोष्टी कळत नाहीत

मृण्मयी_वाई

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची, सध्या स्टुटगार्टला असते. इथे कार्ल्सप्लाट्झवर दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथून ऑगस्टमध्ये एक घडीचा कॅमेरा घेतला. झाइस इकॉन नेटर ५१८/१६, नोव्हार-ॲनास्टिग्मॅट ७५ मिमी एफ/४.५ लेन्स, प्रोंटर-एस शटर, १ सेकंदापासून १/२५० पर्यंत आणि बी (बटण दाबून धरलं तितका वेळ शटर उघडं). १२० चा रोल लागतो, ६×६ च्या १२ फ्रेम येतात. विकणारे आजोबा म्हणाले की हा इथल्याच कारखान्यात तयार झालाय. ते ऐकलं आणि मी फार घासाघीस केली नाही.

पहिला रोल इल्फर्ड एफपी-४ घातला, आयएसओ १२५. प्रकाश मोबाइलच्या ॲपवर मोजला. निम्मा रोल घरात आणि बाल्कनीत संपवला, उरलेला रोटेनबर्गच्या द्राक्षमळ्यांत. तिथे टेकडीच्या माथ्यावर घुमटाचं समाधी-चॅपेल आहे, त्याच्याभोवती सगळे मळे. बरेच फोटो मला मनापासून आवडलेत. चौकोनी निगेटिव्ह उजेडात धरून बघण्यातच एक संध्याकाळ गेली. पण दोन गोष्टींचा उलगडा होत नाही.

एक. मळ्यातल्या जवळजवळ सगळ्या फ्रेममध्ये वर उजव्या कोपऱ्यात एक पांढरट ओघळ आहे. निगेटिव्हवर तो काळा दिसतो. जागा तीच, कमीजास्तपणा मात्र फ्रेमगणिक वेगळा. घरातल्या फोटोंत तो अजिबात नाही. बाल्कनीतल्या एकात अगदी पुसट. मळ्यात मी कॅमेरा उघडाच गळ्यात अडकवून हिंडत होते.

दोन. चॅपेलचा फोटो अंतर ∞ वर, एफ/८, १/२५० ने काढला. चॅपेल मऊ आलंय. पण अलीकडे साधारण आठ-नऊ मीटरवर वेलीला आधार दिलेला लाकडी खांब आहे, त्याच्यावरच्या तारेचा पीळसुद्धा मोजता येतो. उलट घरात दीड मीटरवर लावून नवऱ्याचा फोटो काढला, त्यात त्याच्या हातातल्या कपाची कड स्पष्ट आणि डोळे किंचित मऊ. बाकीच्या जवळच्या फोटोंतही असंच काहीसं वाटतं.

डिसेंबरमध्ये वाईला येतेय. मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा या कॅमेऱ्यावर काढायची फार इच्छा आहे. तोवर हा कॅमेरा भरवशाचा होईल का? काय तपासू? आणि तिथे कोणती फिल्म आणू?


पिक्सेल_पुणे

अभिनंदन, छान कॅमेरा आहे. ओघळाबद्दल माझा संशय मागच्या लाल खिडकीवर आहे. ही लाल काच त्या काळच्या फिल्मसाठी होती, जिला लाल उजेड दिसत नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतो. खिडकीची झडप लावलेली होती ना? ती फक्त आकडा बघण्यापुरती, सावलीत उघडायची.

शटर मात्र मोबाइलवर तपासता येतं. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून लेन्समागे दिवा ठेवा, फोन समोर ठेवून २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शूट करा आणि शटर किती फ्रेम उघडं राहिलं ते मोजा. १ सेकंदाला २४० फ्रेम, १/१० ला २४, १/२५ ला जेमतेम १०. १/१०० च्या पुढे हा हिशोब पुरत नाही, पण संथ वेग बरोबर निघाले तर शटर निरोगी आहे असं धरायला हरकत नाही. जुन्या ग्रीसमुळे आधी बिघडतात ते संथ वेगच.


महाद्वार_कोल्हापूर

मृण्मयीताई, तुम्ही इतकं नीट टिपून ठेवलंय की निदान त्यातच आहे. आमचा कोल्हापुरात महाद्वार रोडला स्टुडिओ होता. वडील आग्फा आयसोलेटवर लग्नं काढायचे आणि मी त्यांच्या हाताखाली आधी रोल भरायला आणि मग दुरुस्ती शिकलो. स्टुडिओ आता नाही, पण घडीचे कॅमेरे अजून माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि मी ते आवडीने करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ओघळ. पिक्सेल यांनी लाल खिडकीचं म्हटलंय, त्यांचा संशय वाजवी आहे, पण इथे ती नसावी. १२० च्या मागच्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, त्यातली ६×६ ची ओळ बरोबर मध्यभागी. खिडकीही त्यामुळे मध्यावर. तिथून उजेड आत गेला तर डाग फ्रेमच्या मधल्या पट्ट्यात पडतो, कित्येकदा आकड्याची किंवा ठिपक्याची सावलीही उमटते. तुमचा डाग कोपऱ्यात, एकाच जागी, उन्हात गडद आणि घरात नाही. कॅमेरा उघडा ठेवून हिंडलात तेव्हा तो वाढला. हे बेलोजचं, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची पेटी यांच्यामधल्या घड्यांच्या भात्याचं, भोक आहे. फ्रेमगणिक कमीजास्त होतो कारण दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा किती वेळ उन्हात उघडा होता ते दर वेळी वेगळं.

भोक कुठे शोधायचं तेही डाग सांगतो. ऊन वरून येतं, वरच्या भोकातून तिरकं आत शिरतं आणि फिल्मच्या खालच्या भागावर पडतं. फिल्मवर चित्र उलटं असतं, म्हणजे तो खालचा भाग आपल्या फोटोतला आभाळाकडचा. म्हणून फोटोत वर डाग असेल तर बेलोजच्याही वरच्या दोन कोपऱ्यांपासून सुरुवात करा. डावं की उजवं हे सूर्य कुठे होता त्यावर ठरतं, ते दोन्हीकडे बघा.

तपासणी रात्री करा. खोलीत पूर्ण अंधार, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबायचं. रोल काढलेला, मागचं दार उघडं, शटर बंद. एक छोटी एलईडी टॉर्च बेलोजच्या आत घालून एकेका कोपऱ्यावरून सावकाश फिरवा आणि बाहेरून बघा. फोनचा दिवा पसरट असतो, तो आत नीट जात नाही. घडीची धार जिथे कोपऱ्याला वळते तिथे सुईच्या टोकाएवढा तारा चमकेल. पूर्ण उघड्या बेलोजमध्ये दिसला नाही तर लेन्सची पाटी धरणाऱ्या दांड्यांची कुलपं सोडवून हळूहळू मिटत जा, कारण काही भोकं घडी थोडी मिटल्यावरच उघडतात. सापडलं की बाहेरून खडूने खूण करा.

दुरुस्तीला काळा ॲक्रिलिक फॅब्रिक कलर आणि पांढरा लाकूडकामाचा गोंद (आपल्याकडे मी फेविकॉल वापरतो) समप्रमाणात घ्या. दातकोरणीने त्या ठिपक्यावर पातळ थर. वाळला की दुसरा. रात्रभर कॅमेरा उघडाच ठेवायचा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतील. वाळल्यावर वरून टाल्कम पावडर अगदी चिमूटभर लावून फुंकून टाका. चिकटपट्टी लावू नका. तिने घडीची जाडी वाढते, बेलोज पूर्ण मिटत नाही, आणि उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरून लेन्सपर्यंत येतो. नखांचं काळं पॉलिशही नको, ते कडक होऊन दहा-वीस वेळा उघडझाप केली की तडकतं. आणि आनंदाची गोष्ट ही की नेटरचे बेलोज चांगल्या मालाचे असतात. त्याच काळातल्या आयसोलेटचे बेलोज कोपऱ्यांतून चाळणी झालेले मी कितीतरी पाहिलेत. तुमच्याकडे एक-दोन ठिपक्यांपलीकडे काही निघणार नाही असं मला वाटतं.

आता फोकस. इथे तुम्ही लिहिलेला कप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

फोटो मऊ येण्याची कारणं या कॅमेऱ्यात बरीच असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी. फ्रेमचा फक्त मधला भाग मऊ असेल तर फिल्म फुगलेली. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी मऊ असेल तर लेन्सची पाटी तिरकी, एखादी दांडी नीट बसलेली नाही. सगळीकडे सारखंच मऊ आणि कुठेच काही स्पष्ट नाही, तर हात हलला किंवा भिंगावर बुरशी. तुमच्यात यातलं काही नाही. ∞ लावलंत तर आठ-नऊ मीटरवरचं स्पष्ट, दीड मीटर लावलंत तर त्याच्या वीतभर अलीकडचं स्पष्ट. सगळा फोकस एकसारखा जवळ सरकलाय. म्हणजे पुढचं भिंग ज्या जागी असायला हवं त्याच्यापेक्षा थोडं बाहेर बसलंय.

नोव्हार ही तीन काचांची लेन्स. अंतराची रिंग फिरवली की त्यातली फक्त पुढची काच आपल्या आट्यांवर आतबाहेर होते, मागच्या दोन जागच्या हलत नाहीत. ही रिंग पुढच्या काचेच्या चौकटीवर बाजूने तीन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. कुणीतरी कधीतरी आतली धूळ किंवा बुरशी पुसायला पुढची काच काढली असणार आणि परत बसवताना रिंग चुकीच्या जागी आवळली. इतकंच. काच चांगली आहे, नाहीतर तारेचा पीळ दिसला नसता.

खात्री अशी करा. रोल नसताना मागचं दार उघडा. फिल्म जिथे टेकते तिथे दोन्ही बाजूंना रुळांच्या जोड्या दिसतील. फिल्म आतल्या रुळांवर बसते, बाहेरच्या नाही. हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेरचा असला तरी त्यावर सगळं अवलंबून आहे. पातळ सपाट काचेच्या तुकड्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा आणि कागदाची बाजू लेन्सकडे करून तो तुकडा आतल्या रुळांवर ठेवा. कॅमेरा तिपाईवर, ॲपर्चर पूर्ण उघडं म्हणजे एफ/४.५, शटर बी वर आणि कुलूप असलेल्या केबल रिलीजने उघडं धरलेलं. डोक्यावरून काळं कापड घ्या. आता लांबची, उभी, बारीक रेषांची वस्तू हवी. तुमच्या गावात १९५६ सालचा टीव्ही टॉवर आहे, यापेक्षा चांगली वस्तू कुठल्या शहराला मिळणार नाही. दोन-तीन किलोमीटरवरून त्याच्याकडे रोखा, कागदावरचं उलटं चित्र मोठ्या भिंगाने बघा. ∞ वर टॉवर मऊ दिसला आणि रिंग ∞ च्या पलीकडे जाऊ शकत नसेल तर निदान पक्कं.

तपासणी आधी करा, स्क्रूला हात नंतर. काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

शेवटी सवयीच्या दोन गोष्टी, कारण त्या पहिल्या दिवसापासून लागल्या तर बऱ्या. दार उघडताना बटण दाबलं की स्प्रिंग ते जोरात फेकते. तसं होऊ देऊ नका, दुसऱ्या हाताने धरून सावकाश उघडा. बेलोज झटक्यात ताणला की आत हवा ओढली जाते आणि फिल्मही पुढे ओढली जाऊन फुगते. आणि फोटो काढल्याबरोबर रोल पुढे नेऊन कॅमेरा मिटू नका. आधी उघडा, मग रोल पुढच्या आकड्यावर न्या, मग फोटो. नुकती ओढलेली फिल्म ताणलेली असते, सपाट बसते. तुमच्या मॉडेलमध्ये रोल पुढे नेल्याशिवाय बटण दबत नाही, त्यामुळे एकावर एक फोटो पडायची भीती नाही. शटरला सेल्फ टायमरची दांडी असेल तर तिला हात लावू नका. इतक्या वर्षांत ते चक्र सुकलेलं असतं आणि अर्ध्यात अडकलं की सगळं शटर अडकतं.


फोंडा_अंधारखोली

महाद्वार यांनी लिहिलंय त्यात भर घालायला फार जागा नाही. मी पावसाबद्दल आणि धुण्याबद्दल सांगते, कारण गोव्यात ही दोन्ही रोजची कामं.

मृण्मयी, डिसेंबरात कोरडं असतं, तेव्हा कॅमेरा आणायला उत्तम काळ. पण इथेच ठेवून जायचा विचार असेल तर चामड्याच्या पेटीत ठेवू नकोस. चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सवर बुरशीची जाळी तिथेच सुरू होते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून उजेड दाखवायचा. अंधार आणि दमट हवा दोन्ही एकत्र आले की बुरशीला दुसरं काही लागत नाही. पावसाळ्यात घडीचा कॅमेरा बंद ठेवण्यापेक्षा आठवड्याला एकदा उघडून, सगळे वेग टकटक चालवून, परत ठेवलेला बरा.

रोल धुणं घरीच कर. १२० ची फिल्म रीळवर चढवणं ३५ मिमीपेक्षा मला सोपं जातं, रुंद असली तरी लांबी कमी असते. फक्त एक लक्षात ठेव, काळ्या पिशवीत कागद आणि फिल्म वेगळी करताना शेवटी फिल्म कागदाला चिकटपट्टीने जोडलेली असते. ती झटकन ओढू नकोस, अंधारात त्या ओढण्याने ठिणगीसारखा उजेड पडतो. सावकाश सोडव, किंवा पट्टी फिल्मवरच दुमडून घे.

एफपी-४ ला मी डी-७६ डेव्हलपर एकास एक पाण्यात वापरते, २० अंशांना ११ मिनिटं. तुमच्याकडे नळाला २० अंश सहज मिळत असेल. इकडे मार्च-एप्रिलात नळाचं पाणी तिशीकडे जातं, तेव्हा मी बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवून २४ अंशांवर आणते आणि वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास घेते. त्याहून गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की फिल्मवर एकसारखं काम होत नाही, आभाळात पट्टे येतात. आणि सगळी द्रावणं, शेवटचं धुण्याचं पाणीसुद्धा, एकाच तापमानाला ठेव.


पिक्सेल_पुणे

मधल्या ओळीचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद महाद्वार. एक वेगळं मत नोंदवतो. नेटरला रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं साधन, नाही, अंतर अंदाजाने लावायचं. त्यावर बसणारा छोटा सुटा रेंजफाइंडर जुन्या बाजारात मिळतो, वरच्या खाचेत बसतो. मृण्मयी यांनी तो घ्यावा असं मी सुचवेन. एफ/४.५ ला दीड मीटरवर चूक व्हायला फार जागा नसते.


मृण्मयी_वाई

काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं!

बेलोजला दोन ठिपके मिळाले. एक वरच्या डाव्या कोपऱ्यात, पूर्ण उघडल्यावर दिसला. दुसरा तिथून दोन घड्या मागे, तो अर्धवट मिटल्यावरच चमकला. दोन्हीवर रंग-गोंदाचे तीन थर दिले. परवा रात्री परत टॉर्च घालून बघितलं, पूर्ण अंधार.

टॉवरची चाचणी काल केली. ∞ वर टॉवर मऊच आहे आणि रिंग तिथे अडते, पुढे जात नाही. त्याच जागेवरून रस्त्यापलीकडचा ट्रॅमचा थांबा मात्र कागदावर चाकूच्या धारेसारखा स्पष्ट. उलटं चित्र बघताना खूप वेळ भान राहिलं नाही, मागून एक आजी येऊन त्यांनीही कापडाखाली डोकं घालून बघितलं.

पिक्सेल, संथ वेगही मोजले. १ सेकंदाला सुमारे २६० फ्रेम, १/१० ला २६-२७. म्हणजे थोडं आळसावलंय पण अडकत नाही, बरोबर ना?

तीन स्क्रू दिसले. एक हलतोय, दोन जागचे हलत नाहीत. जोर लावला नाही. आता काय करू?


महाद्वार_कोल्हापूर

जोर लावला नाहीत ते फार चांगलं. त्या स्क्रूंची खाच इतकी बारीक असते की एकदा घसरली की मग ड्रिलशिवाय निघत नाही. कारखान्यात स्क्रू सुटू नये म्हणून वर लाखेचा थेंब देतात, तो अडून राहिलाय. सुईच्या टोकावर ॲसिटोनचा अगदी छोटा थेंब घेऊन स्क्रूच्या डोक्यावर ठेवा, भिंगाकडे वाहू देऊ नका, रिंगवरच्या आकड्यांच्या रंगालाही लागू देऊ नका. पाच मिनिटांनी परत एक. मग घड्याळजीचा स्क्रू ड्रायव्हर, पातं खाचेच्या रुंदीला अगदी बरोबर बसणारा. आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवून बघा, मग सैल करा. स्क्रू पूर्ण काढू नका, अर्धा-पाऊण फेरा पुरतो. सैल करण्याआधी रिंग आणि काचेची चौकट यांच्यावर पेन्सिलने एक सलग रेघ मारा, म्हणजे काही चुकलं तर आज आहे तिथे तरी परत येता येईल.

तिन्ही सैल झाले की रिंग मोकळी फिरेल आणि काच वेगळी फिरवता येईल. ट्रेसिंग पेपर परत लावा, टॉवरवर रोखा, आणि काच आत जाईल अशी, म्हणजे समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, केसभर केसभर फिरवा. टॉवर स्पष्ट होईल, मग परत मऊ होईल. दोन्ही बाजूंनी पुढे-मागे जाऊन मधली सगळ्यात चांगली जागा पकडा. घाई करू नका. डोळा शिणला की थांबून चहा घ्या आणि परत बघा. जागा पक्की झाली की काच न हलवता रिंग ∞ वर अडेपर्यंत आणा आणि तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर रिंग तिरकी होते. मग टॉवर परत तपासा, आणि शेवटी दीड मीटर मोजपट्टीने मोजून वर्तमानपत्रावरही. दोन्ही जुळले की काम झालं.

शटर उत्तम आहे. दहा टक्के संथ म्हणजे काहीच नाही. वरचा १/२५० चा वेग जुन्या शटरमध्ये प्रत्यक्षात १/१५० ते १/२०० मिळणं नेहमीचं. त्याने निगेटिव्हला थोडा जास्त उजेड मिळतो आणि निगेटिव्ह तो आनंदाने सोसते. स्लाइड फिल्म मात्र या कॅमेऱ्यात घालू नका, तिला तेवढी चूकही चालत नाही.

रेंजफाइंडरबद्दल पिक्सेल यांच्याशी मी सहमत नाही. घ्यायचा तर घ्या, पण आधी महिनाभर अंदाजाने लावा. माणूस पूर्ण उभा चौकोनात मावला की तो साधारण अडीच मीटरवर असतो, कमरेपर्यंत आला की दीड. डोळ्याला हे मोजमाप बसलं की तुम्ही कॅमेरा उघडायच्या आधीच अंतर लावून ठेवता, आणि समोरचा माणूस अवघडत नाही. माझे वडील लग्नाच्या मांडवात असंच काढायचे, एका हातात फ्लॅश आणि दुसऱ्या हाताचा अंगठा रिंगवर. घाटासारख्या मोकळ्या जागी तर रिंगवर आणि ॲपर्चरवर लाल ठिपके असतील तेच वापरा. एक ठिपका दहा मीटरच्या आसपास, दुसरा एफ/८ आणि एफ/११ च्या मध्ये. दोन्ही जुळवले की साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण हे ठिपके ∞ ची जागा दुरुस्त केल्यावरच खरे, आज नाहीत.

आता मेणवली. घाटासाठी हीच एफपी-४ आणा. डिसेंबरच्या सकाळी नऊ-दहाच्या उन्हात १/२५० ला एफ/११, किंवा १/१०० ला एफ/१६. मीटरकडे बघायचीही गरज नाही. ॲपने मोजणार असाल तर एक सांभाळा. तिथला सगळा दगड काळा आहे. फोन पायऱ्यांवर रोखलात तर तो अंधार समजून जास्त उजेड द्यायला सांगेल, आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बाईचं पांढरं पातळ, देवळाचा चुना, नदीवरची चमक हे सगळं एकाच पांढऱ्या ठिगळात जाईल. फोन आपल्या तळहातावर रोखा, हात त्याच उन्हात धरून. जे माप येईल त्याच्यापेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त उजेड द्या. बाहेरच्या सावलीत, पिंपळाखाली, १/१०० ला एफ/५.६.

वाड्याच्या आत मात्र एफपी-४ कमी पडेल. सोप्यात आणि माजघरात १/२५ ला एफ/४.५ लागेल, त्याला तिपाई हवी आणि अंतरही अचूक हवं. त्यासाठी एचपी-५ किंवा ट्राय-एक्स असा ४०० चा एक रोल वेगळा ठेवा. मग तिथेच १/५० ला एफ/५.६ मिळतं, खांबाला टेकून उभं राहिलात तर हातातही निघेल. रोल बदलताना उन्हात बदलू नका, आणि संपलेला रोल घट्ट गुंडाळून त्याची पट्टी लगेच चिकटवा. सैल गुंडाळी झाली की दोन्ही कडांनी उजेड आत शिरतो, तो डाग बेलोजसारखाच दिसतो आणि मग तुम्ही पुन्हा बेलोजवर संशय घेत बसाल.

वडिलांच्या काळात उटीची इंदू फिल्म मिळायची, १२० मध्येही. ती बंद झाली. इकडे आता १२० चे रोल मिळतात पण महाग, आणि हवा तो मिळेलच असं नाही. तुम्ही तिकडूनच सोबत आणा.


पिक्सेल_पुणे

रेंजफाइंडरचा मुद्दा मान्य नाही, पण माणूस चौकोनात किती मावतो यावरून अंतर ओळखायची युक्ती मी उद्याच माझ्या कॅमेऱ्यावर मोजून बघणार.

मृण्मयी, फिल्म विमानातून आणताना सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. आणि विमानतळावर नवे सीटी स्कॅनर असतील तर रोल पारदर्शक पिशवीत वेगळे काढून हाताने तपासायची विनंती करा. जुन्या एक्स-रेला १२५ आणि ४०० ची फिल्म एक-दोनदा सोसते, सीटीमध्ये एकदाच गेली तरी धूसर होऊ शकते. परतीच्या वाटेवर तर जास्तच जपा, तेव्हा त्यात मेणवली असेल. किंवा सरळ इथेच धुऊन न्या, फोंड्याच्या ताईंनी वेळा दिल्याच आहेत.


मृण्मयी_वाई

ॲसिटोन आणलंय. शनिवारी टॉवर दिसेल असं हवामान आहे, तेव्हा बसते. रोल वाईतच धुणार, आईच्या न्हाणीघरात, २० अंश डिसेंबरात तिथे आपोआप मिळतात. स्कॅन इथेच टाकेन, खांबाचा आणि चॅपेलचाही परत काढून.